पिंजरा लावा म्हणणाऱ्यांनो, आधी भिंतीमागचा कचरा उचला

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्याची क्लिप पडली की अर्ध्या तासात ‘पिंजरा लावा’ सुरू होतं आणि माझं डोकं फिरतं. परवाही तेच. रात्री बिबट्या मागच्या भिंतीवर आला, चार पावलं चालला, वास घेतला आणि पलीकडे उतरला. कुणाला ओरखडासुद्धा नाही. तरी लगेच ‘फॉरेस्टवाले झोपलेत का’, ‘मुलांना खाली पाठवायचं कसं’, ‘याला उचला आणि लांब कुठेतरी सोडून या’. इतक्या मेसेजमध्ये एकानेही विचारलं नाही की तो भिंतीवर आला कशासाठी.

कशासाठी आला ते मी सांगते. ठाण्यात घोडबंदर रोडला मानपाड्याच्या पुढे, जंगलाला लागून डोंगराच्या अंगाला ज्या ज्या इमारती आहेत, तिथल्या लोकांनी एकदा मागच्या भिंतीपलीकडे डोकावून बघावं. आमच्या भिंतीमागे काळ्या पिशव्यांचा ढीग आहे. डायपर, केकचे खोके, कुणाच्या तरी पार्टीतला उरलेला भात, आणि रविवारी दुपारनंतर कोंबडीची पिसं, कातडी, आतडी. पिशवी पडली की कुत्री ती तिथल्या तिथे फाडतात. आता तर एक कुत्री ढिगाशेजारीच व्यायली आहे. तिची पिल्लं दिवसभर त्या घाणीत लोळत असतात. ठेकेदाराची गाडी गेटवर रोज येते. ओला-सुका वेगळा करून खाली आणायचा एवढंच काम असतं. तेवढाही कंटाळा असतो, म्हणून पिशवी खिडकीतून थेट जंगलात!

जिथे कुत्री तिथे बिबट्या येणारच. आपल्या शेजारच्या संजय गांधी नॅशनल पार्कमधल्या (एसजीएनपी) बिबट्यांच्या विष्ठेचे अभ्यास झाले आहेत, त्यांच्या खाण्यात कुत्र्यांचा वाटा मोठा निघाला आहे. ज्या जनावराला चितळासाठी दबा धरून बसावं लागतं, त्याला आपण भिंतीपाशी आयतं ताट वाढून ठेवलं आहे. मग तो आला की आपणच बोंब मारायची. मी कमिटीत हे बोलले तर एक गृहस्थ म्हणाले, ‘मॅडम, कचरा हा वेगळा विषय आहे.’ वेगळा कसा? विषय तोच आहे! अख्ख्या भांडणाचं मूळ त्या पिशवीत आहे.

आणि तो पिंजरा. बिबट्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. नुसता दिसला म्हणून त्याला पकडता येत नाही, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. हा नियम कुणाला त्रास द्यायला केलेला नाही. पकडून लांब सोडण्याचा प्रयोग आपल्या राज्यात होऊन गेला आहे आणि त्याची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे. जुन्नर भागात 2001 नंतर बिबटे धरून दुसरीकडे सोडायचा सपाटा लावला होता. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा हिशोब मांडला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते, ते 17 वर गेले, आणि हल्ल्यांत माणूस दगावण्याचं प्रमाणही वाढलं. त्याच काळात आपल्या नॅशनल पार्कच्या कडेला काय झालं ते 2004 चा जून आठवणाऱ्या कुठल्याही जुन्या ठाणेकराला विचारा. बिबट्याच्या हल्ल्यांच्या बातम्यांमुळे पेपर उघडायची भीती वाटायची.

कारण साधं आहे. उचललेल्या बिबट्याची जागा रिकामी राहत नाही, दुसरा येऊन बसतो, आणि तो नवखा असतो. इथली माणसं, वाटा, वेळा त्याला माहीत नसतात. आणि जो उचलला तो तरी नव्या जागी थांबतो का? 2009 मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या, ‘आजोबा’ असं नाव पडलेल्या बिबट्याला माग काढणारी जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं होतं. तो पठ्ठ्या सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत, हायवे आणि रेल्वेचे रूळ ओलांडत, वसईची खाडी पोहून आपल्या नॅशनल पार्कात पोचला. दोन वर्षांनी हायवेवर गाडीखाली मेला. लांब नेऊन सोडा म्हणणाऱ्यांनी लांब म्हणजे कुठे ते नकाशावर बोट ठेवून दाखवावं. तिथेही कुणाचं तरी गाव असतं, कुणाची तरी पोरं अंगणात खेळत असतात.

मला खरी चीड आहे ती पुढच्या गोष्टीची. आपण बाराव्या मजल्यावर बसून घाबरतो आणि त्याची झळ लागते जंगलातल्या येऊरच्या आदिवासी पाड्यांना. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी तिथल्याच. पहाटे अंधारात घरातून निघतात, बसच्या थांब्यापर्यंत पायवाटेने येतात. वाटेवरचा दिवा बंद पडला की महिनोन् महिने बंदच. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं काढायला, मग कंटोळी आणायला त्यांना रानात जावं लागतं. तीच भाजी आपण जांभळी नाक्यावर उभं राहून घासाघीस करून घेतो. संडासाला पाणी नसलं की बायका झाडीत जातात, आणि खाली बसलेलं माणूस बिबट्याला माणसासारखं दिसत नाही, लहान जनावरासारखं दिसतं. हे त्या मावशींनीच मला समजावून सांगितलं. त्यांच्या सासूने त्यांना सांगितलं होतं. वारली पाड्यांत वाघोबा या देवाला मान आहे, दिवाळीतल्या वाघबारसेला त्याची पूजा होते, आणि त्यासोबत शिस्तही असते. पोरांना तिन्हीसांजेला एकटं सोडायचं नाही. वाटेने बोलत जायचं. शेळ्या पक्क्या बंद करायच्या. समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही, हळूहळू मागे सरायचं. बिबट्यासोबत राहायचं कसं हे ठाण्यात कुणाला येत असेल तर त्यांना येतं. आणि त्यांच्या दारात आपल्यामुळे बिबटे वाढले तर त्यांनी करायचं काय?

शनिवार-रविवारी येऊरला जाऊन बघा. उद्यानाभोवतीचा पट्टा 2016 मध्ये इको-सेन्सिटिव्ह झोन म्हणून जाहीर झाला, पण बंगल्यांवरचे स्पीकर रात्री ऐकले तर कुणाला खरं वाटणार नाही. मोठमोठे दिवे, फटाके, आणि सकाळी रस्त्याच्या कडेला केटररने ओतलेलं उरलंसुरलं बिर्याणीचं पातेलं. ते खायला पुन्हा कुत्री, आणि कुत्र्यांमागे पुन्हा तोच.

माकडांचं तर विचारूच नका. माणसं गाडीच्या काचा खाली करतात, पोराच्या हातात बिस्किटाचा पुडा देतात आणि फोटो काढतात. पुण्य लागतं म्हणे! गाडी निघून जाते, माकडाला माणसाच्या हातातलं हिसकावायची सवय मागे राहते. मग ती टोळी पाड्यात शिरते, कौलं उचकटते, डबे पालथे करते, परसातली काकडी तोडून फेकते. मावशींच्या घराची कौलं पावसाच्या ऐन तोंडावर अशीच फुटली. तो खर्च कोण देणार? बिस्किटवाला देणार?

आणि जनावर दिसल्यावर आपण जी गर्दी करतो तिचं काय? 2019 च्या फेब्रुवारीत बिबट्या ठाण्यातल्या कोरम मॉलच्या आवारात शिरला आणि पुढे जवळच्या हॉटेलच्या तळघरात सापडला. नॅशनल पार्कच्या टीमने त्याला बेशुद्ध करून सुखरूप नेलं. अशा वेळी भुलीचं इंजेक्शन लागू व्हायला वेळ लागतो, जनावर बिथरलेलं असतं, आणि त्याला हवी असते शांतता आणि पळायला मोकळी वाट. तेव्हा लोक लहान पोरांना खांद्यावर घेऊन व्हिडिओ काढायला धावतात. अशातच कुणाला तरी पंजा बसतो, आणि बातमीत नाव येतं बिबट्याचं.

हे सगळं मी नव्याने सांगत नाही. वनखात्याने 2011 मध्ये ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला तेव्हापासून हेच सांगणं चालू आहे: कचरा आवरा, दिवे लावा, संडास नीट ठेवा, गर्दी करू नका, अफवा पसरवू नका. माणसं ऐकतात, मान हलवतात आणि घरी जाऊन पिशवी खिडकीतून टाकतात. याचा मला संताप येतो! उपाय माहीत नसता तर गोष्ट वेगळी होती.

तर येत्या सभेत मी लेखी ठराव ठेवणार आहे. भिंतीमागचा ढीग सोसायटीच्या खर्चाने उचलायचा आणि पुन्हा पिशवी टाकताना जो कॅमेऱ्यात दिसेल त्याच्याकडून दंड घ्यायचा. कॅमेरे आहेतच, बिबट्याची क्लिप त्यातूनच निघते, तर पिशवीचीही निघू दे. कुत्र्यांना खायला घालायचं तर गेटच्या आत, ठरलेल्या जागी, आणि त्यांची नसबंदी करून घ्यायची. वनखात्याचा 1926 हा नंबर लिफ्टमध्ये लावायचा. पाड्याच्या वाटेवरच्या दिव्यांसाठी आपल्या लेटरहेडवर पत्र द्यायचं, कारण आपल्या पत्राची दखल लवकर घेतली जाते हे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. ज्यांना पिंजऱ्याच्या अर्जावर माझी सही हवी आहे, त्यांनी आधी या ठरावावर सही करावी. त्याशिवाय माझी सही मिळणार नाही, ग्रुपवर कितीही टॅग करा.