बेताचं चीज

माझी उंची बेताची आहे, पगार बेताचा आहे आणि माझ्या बुद्धीबद्दल घरात जे मत आहे तेही याच शब्दात मांडलं जातं. एक खाणं तेवढं बेताचं झालं नाही. त्यामुळे आहारतज्ज्ञ बाईंनी माझा कच्चाचिठ्ठा लिहून घेतल्यावर चष्म्यावरून बघत "आणखी काही?" असं विचारलं, तेव्हा मी मान खाली घालून, चोरीचा मुद्देमाल टेबलावर ठेवावा तसा एकच शब्द पुढे ठेवला.

"चीज."

फाशीच होणार याची मला खात्री होती. मनाची तयारीसुद्धा झाली होती. शेवटची इच्छा विचारली तर काय सांगायचं, हेही ठरलं होतं. (चीजच.)

"खा की," बाई म्हणाल्या. "बंद कशाला करताय? प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे. फक्त बेताने खा. दिवसाला 30 ग्रॅम. काड्यापेटीएवढा तुकडा."

मी तिथून तरंगत बाहेर पडलो. 86 किलोंचा माणूस जितपत तरंगू शकतो तितपत. फाशी टळून आपल्याला जन्मठेप झाली आहे, हे लक्षात यायला संध्याकाळ व्हावी लागली.

एखादी गोष्ट बंद करणं सोपं असतं हो. माझ्या एका मित्राने साखर सोडली. सोडली म्हणजे सोडली. आता चारचौघांत कुणी गोड पुढे केलं की तो हात असा काही वर करतो की वाढणाऱ्यालाच अपराधी वाटतं. त्यागाला एक रुबाब असतो. बेताने खाणाऱ्याला कसला आलाय रुबाब? "मी चीज खात नाही" म्हटलं की लोक आदराने बघतात. "मी चीज खातो, पण 30 ग्रॅम" म्हटलं की विषय बदलतात.

तर त्या संध्याकाळी मी फ्रीजमधून चेडरचा ठोकळा काढला, शेजारी काड्यापेटी ठेवली आणि सुरी घेतली. काड्यापेटी ही वस्तू इतकी लहान असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं तिच्याकडे काड्या ठेवायची पेटी म्हणून बघितलेलं. जेवणाचं माप म्हणून बघितल्यावर ती एकदम अंग चोरून बसली. मी नजरेनेच अंदाज घेतला, एक तुकडा कापला आणि तो काट्यावर ठेवला.

74 ग्रॅम.

"ही कुठली काड्यापेटी म्हणायची?" बायकोने विचारलं. "शेकोटीची?"

मग काटछाट सुरू झाली. इकडून एक कपची काढली, तिकडून एक कोपरा उडवला. मूर्तिकार दगडातला नको तेवढा भाग काढून टाकतो म्हणतात. माझंही तेच चाललं होतं, फक्त नको तो भाग टाकायचा कुठे हा प्रश्न मूर्तिकारासारखा मला पडत नव्हता. शेवटी काट्यावर 30 आकडा आला. तो 30 ग्रॅमचा तुकडा मी बशीत ठेवून, खुर्चीवर बसून, एखाद्या सभ्य माणसासारखा खाल्ला. उरलेले 44 ग्रॅम तोवर उभ्याने संपले होते.

बायको पूर्वी ऑडिटमध्ये होती. तिने त्याच रात्री एक वही आणली. पहिला रकाना "चीज", दुसरा रकाना "काटछाट".

त्या वहीमुळे मला हिशोब कळला, आणि तो काही सुखाचा नव्हता. चेडरच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 400 कॅलरी. म्हणजे माझ्या कायदेशीर तुकड्यात 120. त्या ठोकळ्याचा एक तृतीयांश भाग निव्वळ चरबी, आणि चरबीच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी. प्रथिनांना आणि कर्बोदकांना चारच. बरं, एक किलो चीज करायला साधारण दहा लिटर दूध लागतं. म्हणजे 30 ग्रॅम हे पेलाभर दूध झालं, आणि मी पहिल्या दिवशी बोलताबोलता, सुरी हातात धरून, पाऊण लिटर दूध आटवून गिळलं होतं. पाऊण लिटर दूध कुणी पुढे केलं असतं तर मी "वेड लागलंय का" असं विचारलं असतं.

माणूस हिशोबात हरला की पळवाटा शोधतो. पहिली पळवाट मी शोधली ती भोकांची. ते कार्टूनमधलं, उंदरांच्या आवडीचं भोकांचं एमेंटाल. माझा तर्क साधा होता: भोकात कॅलरी नसते. जितकी भोकं जास्त तितका तुकडा मोठा आणि पाप कमी. मी मोठ्या अभिमानाने भलीमोठी चकती काट्यावर ठेवली. काटा 58 म्हणाला.

"बाबा," मुलगी म्हणाली, "भोकांना वजन नसतं. काटा फक्त चीज मोजतो."

नववीतली मुलगी. तिच्या शिक्षणावर केलेल्या खर्चाचं असं चीज होईल असं वाटलं नव्हतं. बाकी ती भोकं पडतात कशी, हे मी त्या निमित्ताने वाचून काढलं. चीज पिकताना त्यातले जीवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याचे बुडबुडे होतात. पण बुडबुडा नेमका कुठे धरायचा हे ठरतं ते दुधात पडलेल्या गवताच्या बारीक कणांवरून, असं स्विस संशोधकांनी 2015 मध्ये सांगितलं. दूध काढायची यंत्रं स्वच्छ झाली, गवत पडेनासं झालं आणि भोकं कमी होत गेली. स्वच्छतेचे तोटे कुणी बोलत नाही.

दुसरी पळवाट कमी चरबीच्या चीजची. तिच्याबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण त्या आठवड्याबद्दल बोलण्यासारखं फारसं नाही. त्या चीजचा काप मी टोस्टवर ठेवून भाजला. टोस्ट करपला, काप जसाच्या तसा. चीजला वितळवते ती चरबी; तीच काढून घेतल्यावर त्याने वितळावं तरी कशाच्या जिवावर? कोपरे जरा वर उचलले गेले, एवढीच त्याची प्रतिक्रिया. उरलेलं पाकीट मुलीने खोडरबर म्हणून वापरून बघितलं. खोडलं नाही, पण आकार बरोबर होता.

मग कुणीतरी पार्मेजान सुचवलं, आणि इथे मात्र मला जरा सविस्तर बोललं पाहिजे. हे उत्तर इटलीतलं चीज. किमान बारा महिने पिकवतात. एकेक चाक चाळीसएक किलोंचं, म्हणजे माझ्या जवळजवळ निम्म्या वजनाचं. तिकडे एक बँक ही चाकं तारण ठेवून घेते आणि चीज करणाऱ्यांना कर्ज देते. मला स्वतःला तारण ठेवून घ्यायला एकही बँक तयार झाली नव्हती, आणि माझं मुरणं तर बारा महिन्यांच्या कितीतरी पुढे गेलेलं आहे.

या चीजची खुबी अशी, की ते फार मुरलेलं असल्यामुळे चवीला जबरदस्त असतं, थोडक्यात भागतं. आणि ते किसता येतं. किसणीवर 10 ग्रॅम घासलं तर ताटलीत हा एवढा भुसभुशीत डोंगर तयार होतो. पहिल्यांदा तो डोंगर बघितला तेव्हा मला भरून आलं. दहा ग्रॅम! असे तीन डोंगर रोज! डोळे तृप्त झाले, काटा गप्प बसला, वहीत रीतसर नोंद झाली.

फक्त एक गोष्ट होती. किसणीच्या आतल्या बाजूला थोडं चीज अडकून राहतं. ते काट्यावर येत नाही, म्हणून ते वहीतही येत नाही. ते धुऊन टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान. मी रोज किसणी उजेडाकडे धरून, बोटाने, मग चमच्याच्या दांड्याने आणि एकदा चक्क दात कोरायच्या काडीने ते काढत असे. आठवडाभराने बायकोने किसणी आधी कोरडी आणि मग चीज लागलेली, अशी दोनदा मोजली. वहीत तिसरा रकाना आला: "किसणी".

तरी माझ्या वजनाचा काटा हळूहळू उतरत होता. मधेच एका सकाळी तो चारशे ग्रॅम वर गेला तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. आदल्या रात्री एका समारंभात मी चीजच्या थाळ्याजवळ उभा होतो. नुसता उभा होतो असं मी म्हणत होतो. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "चीजमध्ये मीठ असतं, मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं. दोन दिवसांत उतरेल. रात्रीत चारशे ग्रॅम चरबी वाढायला काय खावं लागेल माहितीये का?" मला समारंभातला थाळा आठवला आणि मी फोन ठेवला.

खरा बदल घडला तो अपघाताने. एका रविवारी मी माझा तुकडा मोजून बशीत काढला आणि तेवढ्यात फोन आला. फोन लांबला. परत आलो तर अर्धा तास झालेला. फ्रीजमधून काढलेलं ते पांढुरकं, गप्प चीज आता जरा घामेजलं होतं. कडा मऊ झाल्या होत्या, आणि खोलीत एक वास होता: भाजलेल्या दाण्यांचा, लोण्याचा, आणि मागे कुठेतरी ओल्या गवताचा. मी कोपरा तोडला. तो तुटताना किंचित वाकला, मग तुटला. जिभेवर ठेवला आणि चावलाच नाही. आधी खारट, मग आंबूस, मग बऱ्याच वेळाने गोडसर असं काहीतरी. थंडपणात चरबी गोठलेली असते आणि चव तिच्यात कोंडून बसते. अर्धा तास बाहेर ठेवलं की सुटते. जन्मभर मी चीज फ्रीजच्या दिव्यात, दार उघडं धरून खाल्लं होतं. पत्र न उघडताच पाकीट चावत बसावं, तसं.

त्या तुकड्याला मला वीस मिनिटं लागली. बायको दोनदा येऊन बघून गेली. तिला वाटलं, तब्येत बिघडली.

तेव्हापासून अर्ध्या तासाचा नियम झाला. त्या अर्ध्या तासात बशीपासून लांब राहायचं म्हणून मी चालून येतो. इंग्लंडमध्ये एका टेकडीवरून चीजचं चाक सोडतात आणि माणसं त्याच्यामागे गडगडत धावतात. त्यापेक्षा माझा व्यायाम बरा, मी चीजपासून दूर जातो आणि हाडं शाबूत परत येतो. तीन महिन्यांत चार किलो उतरले. बाई म्हणाल्या, चालण्यामुळे. मी वाद घातला नाही.

परवा काट्याचा सेल संपला. रात्रीची वेळ, दुसरा सेल घरात नाही. मी काड्यापेटी न घेता, नुसत्या नजरेने तुकडा कापला आणि झाकून ठेवला. मुलीने तिच्या घड्याळातला सेल काढून आणला. सगळे काट्याभोवती जमले.

31.

मुलीने टाळ्या वाजवल्या. मीही जरा छाती काढली. मग सुरीने हलकेच एक कपची काढली, काटा 30 वर आला, आणि कपची हातात राहिली. आजूबाजूला बघितलं. बायको पाठमोरी होती, ओटा पुसत होती. मी कपची तोंडात टाकली.

"दुसऱ्या रकान्यात," ती मागे न वळता म्हणाली.