येतो

‘येतो’ या क्रियापदाइतके फसवे क्रियापद मराठीत नसावे. माणूस आपल्याकडे यायला निघतो तेव्हाही ‘येतो’ म्हणतो आणि आपल्याकडून जायला निघतो तेव्हाही ‘येतो’च म्हणतो, कारण ‘जातो’ म्हणणे अशुभ. कोकणीतल्या ‘येतां’चीही हीच गत असल्याने गोव्यात ही फसवणूक दोन भाषांत होते. बत्तीस वर्षे शाळेत व्याकरण शिकवलेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवे होते. तरीही पणजीतील मुलांसाठीच्या एका उपक्रमाचे संयोजन मी अंगावर घेतले, आणि चोडण बेटावरील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याच्या सहलीसाठी १८ स्वयंसेवकांनी व्हॉट्सॲपवर ‘येतो’ असे लिहिले तेव्हा त्या सर्वांना कर्तरी प्रयोगात बसवून मी निर्धास्त झोपलो.

सहलीचा रविवार मी पंचांग पाहून काढला होता. ज्योतिषावर माझा विश्वास नाही. पण खाडीतून होडीने फिरायचे तर भरती हवी, आणि भरतीचे वेळापत्रक चंद्राच्या हाती असते. तो रविवार पौर्णिमेचा होता आणि उधाणाची भरती दुपारच्या आधीच येणार होती. परंतु तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने सुरू होतात, आणि आमच्या मिनीबसवाल्याला नेमके त्याच दिवशी वऱ्हाड मिळाले. ‘सर, फक्त एक आठवडा पुढे,’ असे तो इतक्या मायेने म्हणाला की मी हो म्हणून बसलो. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. सात दिवसांची ३५० मिनिटे, म्हणजे जवळजवळ सहा तास झाले, आणि भरतीनंतर सहा तासांनी काय असते हे मांडवीकाठचे शेंबडे पोरही सांगेल. शिवाय पौर्णिमेचे उधाण जाऊन अष्टमीच्या सुमाराची भांग, म्हणजे दुबळी भरती, आली होती. मी गणिताचा शिक्षक नव्हतो, एवढेच माझे समर्थन.

ठरल्या सकाळी १८ पैकी चार जण आले. इतरांना मी दोष देत नाही; रविवारी सकाळी एका बाजूला मासळीबाजार आणि दुसऱ्या बाजूला समाजकार्य असेल, तर पिशवी घेऊन कुठे जायचे हे मलाही कळते. आलेल्यांपैकी दोघांना फक्त फोटो काढायचे होते आणि एका काकांना भाजी-पाव कितीला मिळणार याची चिंता होती. मुले मोजण्याचे काम उरलेल्या कॉलेजकन्येकडे गेले. मिनीबस बरोबर ५० मिनिटे उशिरा आली (तिचेही चंद्राशी नाते असावे), तिच्या काचेवर आदल्या रात्रीच्या लग्नाचा हार तसाच होता, आणि २६ आसनांच्या त्या गाडीला ३७ मुलांसाठी रायबंदरच्या धक्क्यापर्यंत दोन खेपा माराव्या लागल्या. पहिल्या खेपेची मुले दुसरीची वाट पाहत असताना काकांनी त्यांचा भाजी-पाव वाटून टाकला, त्यामुळे दुसऱ्या खेपेला बिस्किटांवर भागवावे लागले.

फेरीबोटीत पायी चढणाऱ्याला तिकीट पडत नाही. माझ्या अंदाजपत्रकातील हीच एक आनंदाची ओळ होती. पलीकडे उतरताना एक मुलगा ‘सर, येतो हां’ म्हणाला, आणि मी नेहमीप्रमाणे मान डोलावली.

खाडीत होडी चिखलाला टेकली होती. मी ओशाळून मुलांकडे पाहिले, पण मुलांचे माझ्याकडे लक्षच नव्हते. चिखलातून वर आलेली खारफुटीची श्वसनमुळे, त्यांच्यामधून उड्या मारणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे मासे, आणि त्यांच्यावर टपलेला बगळा असा ऐवज पुढे मांडलेला असताना होडीची आठवण कोणाला येणार? मी खंड्याविषयी तयार करून आणलेले चार पानी भाषण खिशातच राहिले. पाणी भरलेले असते तर या निवट्या आम्हाला दिसल्या नसत्या, हे मी मिनीबसवाल्याला मुद्दामच सांगितले नाही.

मोजणी केली तेव्हा मुले ३६ भरली. पुन्हा मोजली तेव्हा ३८ झाली, कारण निवट्या पाहायला चोडणची दोन मुले येऊन मिळाली होती. धक्क्याकडे मी ज्या वेगाने धावलो तो वेग निवृत्तिवेतनधारकाला शोभणारा नव्हता. समोरून येणाऱ्या फेरीबोटीच्या कठड्याशी आमचा सदतिसावा मुलगा उभा होता. तिकीट नाही म्हणून तो तीन वेळा नदी ओलांडून आला होता.

‘सर, मी येतो म्हणून सांगितले होते ना?’ तो म्हणाला. त्याच्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

परतताना रायबंदरच्या धक्क्यावर बस नव्हती. मी फोन लावला. ‘येतो, सर!’ मिनीबसवाला ओरडून म्हणाला. ओरडावेच लागले त्याला, कारण त्याच्या मागे वरातीचा बँड वाजत होता.