'ले त्रोयां' म्हणजे चाली लावलेला व्हर्जिल नव्हे

"बर्लिओझने व्हर्जिलचं 'एनीड' घेतलं, त्याला चाली लावल्या आणि ते इतकं लांबवलं की रंगमंचावर आणणंच अशक्य झालं." फ्रेंच संगीतकार बर्लिओझच्या 'ले त्रोयां' ('ट्रॉयवासी') या पाच अंकी ऑपेराबद्दल हा दावा सर्रास पुढे ढकलला जातो; 'एनीड' म्हणजे रोमन कवी व्हर्जिलचं महाकाव्य.

आधी चाली लावण्याचं. संहिता बर्लिओझने स्वतः लिहिली; १८५६ ते १८५८ या दोन वर्षांत शब्द आणि संगीत दोन्ही उभं राहिलं. ट्रॉयचा पाडाव आणि तिथून निघालेल्या इनियसवर प्रेम करणाऱ्या कार्थेजच्या राणी डायडोची शोकांतिका व्हर्जिलचीच, यात वाद नाही. पण पहिले दोन अंक ट्रॉयच्या ज्या भविष्यवेत्त्या राजकन्येच्या, कॅसँड्राच्या, खांद्यावर आहेत, तिला 'एनीड'मध्ये जेमतेम काही ओळी मिळतात. ट्रॉयच्या स्त्रियांचं सामूहिक आत्मार्पण तर तिथे नाहीच.

चौथ्या अंकातलं प्रेमयुगुलगीत सरळ शेक्सपिअरचं आहे. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या पाचव्या अंकात लोरेंझो आणि जेसिका "अशाच एका रात्री" म्हणत जुन्या प्रेमिकांची नावं एकमेकांवर फेकतात. इथे डायडो आणि इनियस तोच खेळ खेळतात: व्हीनस-अँकायसिस, ट्रॉयलस-क्रेसिडा, डायना-एंडिमियन आणि शेवटी स्वतःच. गंमत म्हणजे शेक्सपिअरच्या यादीत किनाऱ्यावर उभी डायडो होतीच. बर्लिओझने तिचं घर तिला परत दिलं. ऑपेराच्या पाचव्या अंकात इटलीला जायला कुरकुरणारे दोन पहारेकरीही याच शाळेतले. करुणाच्या मध्येच विनोद घुसवणं व्हर्जिलकडून शिकता येत नाही.

आणि चित्रकला? दावा करणाऱ्यांना ती आठवतच नाही. फ्रेंच चित्रकार गेरँचं १८१५चं चित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे: इनियस ट्रॉयची कथा सांगतोय, डायडो ऐकतेय आणि इनियसचा मुलगा अॅस्केनियस याच्या रूपातला प्रेमदेव क्युपिड तिच्या बोटातली अंगठी हलकेच काढतोय. व्हर्जिलकडे क्युपिड तिच्या मांडीवर बसतो, पण अंगठी नाही. बर्लिओझने ती चित्रातून उचलली आणि चौथ्या अंकातल्या पंचगीतात, म्हणजे पाच जणांनी मिळून गायच्या गाण्यात, ठेवली. डायडोच्या दिवंगत पतीची ती अंगठी अॅस्केनियस काढतो. डायडो भानावर नसल्यासारखी ती परत घेते आणि मंचकावर विसरते. निष्ठा सुटल्याचं सांगायला वेगळं गाणं लागत नाही.

आता लांबी. बर्लिओझने स्वतः पाचही अंकांची वेळ मोजली होती: ५२, २२, ४०, ४७ आणि ४५, एकूण २०६ मिनिटं. पंधरा-पंधरा मिनिटांची चार मध्यंतरं धरली तरी ४ तास २६ मिनिटं. मग अडलं कुठे? १८६३ मध्ये पॅरिसच्या तेआत्र लिरिक या नाट्यगृहात शेवटचे तीनच अंक झाले. 'राजशिकार आणि वादळ' या दृश्यानंतर नेपथ्य बदलायलाच ५५ मिनिटं गेली, म्हणून पहिल्या प्रयोगानंतर ते दृश्यच काढून टाकलं. म्हणजे वेळ खाल्ला तो नेपथ्याने, संगीताने नव्हे. पाचही अंक जर्मनीतल्या कार्लस्रूहेत १८९० मध्ये दोन संध्याकाळींत झाले. तोवर बर्लिओझला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.