तुमचं काम चांगलं आहे, पण ते कुणाला सापडतंय का?

मी महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीत परचेस बघते. राहायला ठाण्यात, कामाला नवी मुंबईत, म्हणजे रोजचा प्रवास ट्रान्स-हार्बरचा. माझं काम मुळात माणसं शोधण्याचंच आहे. जुन्या ड्रॉइंगवरून मोजकेच पीस व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) काढून देणारा, पावडर कोटिंगचा लॉट दोन दिवसांत परत करणारा, शनिवारी संध्याकाळी पॅनेलच्या कामाला वायरमन पाठवणारा. हे करता करता माझं एक मत पक्कं झालंय, ते आज सविस्तर लिहिते. वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंत आपल्या लोकांकडे हुन्नर भरपूर आहे. पण ज्याला त्या हुन्नराची गरज आहे, त्याला तो माणूस वेळेवर सापडत नाही. आणि हे दुरुस्त करायला ना वशिला लागतो ना पैसा. फोनमध्ये फुकट मिळणाऱ्या तीन-चार गोष्टी नीट लावाव्या लागतात, आणि लावल्यावर सांभाळाव्या लागतात.

"आपण काम चोख करावं, नाव आपोआप होतं," हे आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडतं. काम चोख हवंच, त्यात वाद नाही. पण ज्याच्यासाठी काम केलं त्याला ते कळतं. ज्याने ते पाहिलंच नाही त्याला कसं कळणार?

मागे आम्हाला ॲल्युमिनियमच्या काही पार्टना घाईने ॲनोडायझिंग (धातूवर गंज न धरणारा टिकाऊ थर चढवणं) करून हवं होतं. नेहमीच्या व्हेंडरकडे काम बंद. गूगलवर शोधलं, नकाशावर शोधलं, शेवटी माल वसईला पाठवला. टेम्पोचं भाडं वेगळं, वेळ गेला तो वेगळाच. नंतर कळलं, आमच्या मागे तीन गल्ल्या सोडून एका गाळ्यात हेच काम होतं आणि उत्तम होतं. गाळ्याच्या पाटीवर नुसतं "अमुक एंटरप्रायझेस". गूगलवर नोंद नाही. मालकांच्या व्हॉट्सॲपवर देवाचा फोटो आणि नावाच्या जागी फक्त एक टिंब. त्यांच्याशी बोलायला गेले तर म्हणाले, "ताई, सध्या काम कमीच आहे." मला फार वाईट वाटलं. आमचा भरलेला टेम्पो त्यांच्या दारावरून वसईला गेला होता.

म्हणून सगळ्यात आधी एक ओळ लिहा. काय करतो, कुणासाठी करतो, कुठे करतो. "ॲल्युमिनियम पार्टचं ॲनोडायझिंग, छोटे लॉटही घेतो, रबाळे एमआयडीसी." किंवा "जीएसटी रिटर्न आणि छोट्या कारखान्यांचे हिशेब, नौपाडा, ठाणे." नोकरी करत असाल तरी हेच. लिंक्डइनवर (नोकरी-धंद्याच्या ओळखींसाठीची वेबसाइट) नावाखाली २२० अक्षरांची जागा मिळते आणि तिथे मी "मेहनती, प्रामाणिक, नवीन संधीच्या शोधात" असं वाचते तेव्हा जीव हळहळतो. त्याऐवजी "मेंटेनन्स इंजिनिअर, पंप आणि कॉम्प्रेसर, केमिकल प्लांटचा अनुभव, तळोजा" असं लिहिलं तर शोधणाऱ्याच्या समोर तुम्ही येता, कारण शोधणारा "कॉम्प्रेसर" टाइप करतो, "प्रामाणिक" टाइप करत नाही. मग हीच ओळ सगळीकडे वापरा: लिंक्डइन, व्हॉट्सॲप, ईमेलच्या खाली सहीच्या जागी, फेसबुकच्या परिचयात.

धंदा असेल तर गूगलवर व्यवसायाची नोंद करणं हे माझ्या मते पहिल्या आठवड्याचं काम. नोंद मोफत आहे. पडताळणीसाठी बहुतेक वेळा पाटी, आतलं काम, यंत्रं दिसतील असा व्हिडिओ मागतात, तो फोनवरच काढता येतो. बरेच जण नाव आणि नंबर टाकून थांबतात. सेवांच्या यादीत गिऱ्हाईक जे शब्द वापरतं तेच शब्द इंग्रजी आणि मराठी दोन्हीत टाका, वेळा नीट लिहा, शटरसमोरचा एक फोटो लावा. एमआयडीसीत प्लॉट नंबर शोधताना टेम्पोवाल्याचे काय हाल होतात ते आपल्याला माहीत आहे. पत्त्याची खूण नकाशावर बरोबर गेटवर लावा.

व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप २०१८ मध्ये आलं, तेही मोफत आहे, आणि तरी निम्मे व्हेंडर अजून घरच्या व्हॉट्सॲपवरून कोटेशन पाठवतात. त्यात कॅटलॉग लावता येतो, चॅटला लेबलं लावता येतात (नवीन चौकशी, कोटेशन दिलं, पैसे बाकी), नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात. डब्ल्यूए डॉट एमई, मग तिरकी रेघ, मग ९१ आणि तुमचा दहा आकडी नंबर अशी लिंक बनवली की नंबर सेव्ह न करताही कुणीही थेट तुमच्याशी बोलू शकतं. एक गोष्ट मात्र खूप जणांना माहीत नसते: ब्रॉडकास्ट लिस्टवरून (एकाच वेळी अनेकांना) पाठवलेला मेसेज फक्त त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय. म्हणजे पहिल्या भेटीतच समोरच्याला नंबर सेव्ह करायला लावणं महत्त्वाचं.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय ते. १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एक शोधनिबंध लिहिला. बोस्टनजवळच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं होतं की ही नोकरी कुणामार्फत कळली. ज्यांना ओळखीतून कळली त्यांच्यात, त्या ओळखीच्या माणसाला आठवड्यातून दोनदा तरी भेटणारे १७ टक्क्यांच्या आसपास निघाले. वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा, पण आठवड्यातून दोनदापेक्षा कमी भेटणारे निम्म्याहून अधिक. वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेट होणारे जवळपास २८ टक्के. म्हणजे सख्ख्या मित्रापेक्षा कधीमधी दिसणारा माणूस जास्त उपयोगी पडला. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांच्या माहितीवर असाच अभ्यास झाला. त्यातही नोकरी बदलायला अगदी जवळच्यांपेक्षा जरा लांबच्या ओळखी जास्त कामी आल्याचं दिसलं, मात्र फारच लांबच्या नव्हेत.

कारण उघड आहे. आपल्या जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. सोसायटीचा ग्रुप, गावाकडचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, सगळीकडे तीच बातमी फिरते. नवी बातमी येते ती जुन्या कंपनीतल्या स्टोअरकीपरकडून, प्रदर्शनात दहा मिनिटं बोललेल्या माणसाकडून, बहिणीच्या सासरच्या कुणाकडून. आणि नेमकी हीच माणसं आपण हातची घालवतो. त्यांच्याकडे मागायचं कसं, त्यांना काय वाटेल, हा संकोच आपल्यात मुरलेला आहे. तो झटकन जाणार नाही हे मला मान्य आहे, पण त्याला एक उपाय आहे. काही मागायची वेळ येण्याच्या बऱ्याच आधीपासून संपर्कात राहायचं.

त्यासाठी नंबर कसा सेव्ह करता ते बघा. माझ्या फोनमध्ये "सुनील" असं कुणीच नाही. "सुनील, रबर गॅस्केट, तुर्भे, वाशी प्रदर्शन" असं आहे. फोनच्या संपर्क यादीत प्रत्येक नावाखाली टिपण लिहायची जागा असते, तिथे मी भेट कुठे झाली, काय बोलणं झालं, त्यांची मुलगी पॉलिटेक्निकला आहे, असं लिहून ठेवते. गूगल खात्याशी जोडलेलं असलं की फोन बदलला तरी हे सगळं टिकतं. मग कधी गॅस्केटची गरज पडली तर नुसतं "गॅस्केट" शोधलं की माणूस समोर. मोरीतल्या नळापासून कारखान्यातल्या चिलरपर्यंत, कुठल्याही कामाचा माणूस असाच सापडतो.

आणि भेटीनंतर दोन दिवसांच्या आत एक मेसेज. "हाय" लिहून थांबू नका. नुसतं "हाय" आलं की समोरचा माणूस उत्तर देत नाही, त्याला वेळ नसतो. "काही काम असेल तर सांगा" हेही कुणाच्या लक्षात राहत नाही. मला आलेला एक मेसेज मी जपून ठेवलाय: "नमस्कार मॅडम, वाशीच्या प्रदर्शनात आपण सिलिकॉन शीटबद्दल बोललो होतो. आमच्याकडे ६ मिलीमीटरपर्यंत कटिंग होतं, शॉप तुर्भ्याला आहे. ड्रॉइंग पाठवलंत तर नमुना फुकट करून देतो. घाई नाही." चार वाक्यं. कुठे भेटलो, काय करतो, कुठे आहे, पुढचं पाऊल काय. मला तेव्हा गरज नव्हती. पुढे पडली तेव्हा पहिला फोन त्यांनाच केला.

मधल्या काळात काय पाठवायचं, असं बरेच जण विचारतात. रोजचं शुभ सकाळ पाठवू नका, एवढी माझी हात जोडून विनंती आहे, लोक त्या नंबरचे मेसेज म्यूट करतात आणि मग तुमचं कोटेशनही वाचलं जात नाही. त्यापेक्षा वर्षातून दोन-तीनदा त्यांच्या कामाचं काहीतरी पाठवा. एखादी टेंडरची बातमी, एखाद्या प्रदर्शनाची तारीख, "तुम्हाला लागतो तो ग्रेड आमच्या शेजारी आलाय" एवढंही पुरतं. आणि दोन माणसांची गाठ घालून द्या. कुणाला वायरमन हवाय, तुमच्याकडे नंबर आहे, तर द्या. फक्त नंबर देण्याआधी ज्याचा नंबर आहे त्याला विचारा. हे फार साधं आहे आणि फार कमी जण करतात.

नोकरी शोधणाऱ्या पोरापोरींसाठी लिंक्डइनवरची एक सोय मला विशेष सांगायची आहे. तुमच्या कॉलेजच्या पानावर जा, तिथे माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. ते कुठे राहतात, कुठल्या कंपनीत आहेत, यावरून यादी गाळता येते. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये किंवा तळोज्याच्या प्लांटमध्ये तुमच्याच कॉलेजचे सीनियर बसलेले असतात आणि तुम्हाला पत्ताच नसतो. त्यांना विनंती पाठवताना सोबत दोन ओळी लिहा. मोफत खात्यावर अशा ओळी महिन्याला मोजक्याच विनंत्यांसोबत जोडता येतात, तेव्हा त्या नीट निवडून वापरा. पहिल्याच मेसेजमध्ये नोकरी मागू नका, कामाबद्दल एक नेमका प्रश्न विचारा. "सर, तुमच्याकडे ट्रेनी इंजिनिअरला पहिलं वर्ष कुठल्या विभागात ठेवतात?" अशा प्रश्नाला माणूस आवडीने उत्तर देतो.

सध्या नोकरीत असाल आणि दुसरी बघत असाल तर लिंक्डइनवरची "ओपन टू वर्क"ची (नोकरी शोधतोय असं कळवणारी) सेटिंग जपून लावा. फोटोभोवतीची हिरवी पट्टी सगळ्यांना दिसते. फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असाही पर्याय आहे, पण तुमच्या कंपनीपर्यंत ते पोचणारच नाही याची पूर्ण हमी लिंक्डइन स्वतःही देत नाही.

झालेल्या कामाचे फोटो टाका, जरूर टाका, आधीचा आणि नंतरचा. मात्र गिऱ्हाइकाची परवानगी घेऊन, आणि ड्रॉइंगचा कोपरा, पार्ट नंबर, कंपनीचा लोगो झाकून. एका फोटोपायी लागलेली ऑर्डर हातची गेल्याचं मी पाहिलंय. आणि मराठीतून लिहायला कचरू नका. खरेदी करणारे, स्टोअरवाले, सुपरवायझर यांतले कितीतरी जण मराठी वाचतात. कामाचे शब्द इंग्रजी राहिले तरी चालतं, बाकीची वाक्यं आपल्या भाषेत सहज येतात आणि खरी वाटतात.

हे सगळं ऑनलाइन केलं तरी प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही. ठाण्यात लघुउद्योजकांची टीसा ही संघटना आहे, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात टीबीआयए ही उद्योजकांची संघटना आहे, मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब आहे, वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरला प्रदर्शनं भरतात. तिथे जाताना लिंक्डइनचा क्यूआर कोड फोनवर उघडून ठेवा, ॲपमध्येच शोधाच्या चौकटीपाशी तो मिळतो. कार्ड संपलं तरी अडत नाही.

एक इशारा मात्र गंभीरपणे देते. नोकरी किंवा ऑर्डर देतो म्हणून आधी पैसे मागणारा, टेलिग्रामवर "टास्क" देणारा, व्हेंडर रजिस्ट्रेशनची फी एखाद्या व्यक्तीच्या यूपीआयवर मागणारा, यांच्यापासून लांब राहा. मोठ्या कंपनीचं नाव सांगितलं तर त्या कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून फोन करा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं कठीण.

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुटू लागली. जो तो म्हणतोय की आता इकडे कामं वाढणार. वाढतील. फॅब्रिकेशन, पॅकिंग, कॅटरिंग, एसी दुरुस्ती, हिशेब, गाड्या, सगळ्याला माणसं लागतील आणि ती शोधणारा माझ्यासारखाच कुणीतरी फोन घेऊन बसलेला असेल. त्याच्या शोधात ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोलीच्या आपल्या माणसांची नावं यावीत असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा आता खाली कमेंटमध्ये तुमची ती एक ओळ लिहा. काय करता, कुणासाठी, कुठे. फोन नंबर उघड्यावर टाकू नका, हवं असेल त्याला मेसेंजरवर बोलता येईल. ज्यांना ओळ जमत नसेल त्यांनी जशी येईल तशी लिहा, मी आणि इथले बाकीचे मिळून ती नीट करून देऊ.