साडेआठ फुटांमागे एक फूट

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता दोन महिन्यांसाठी सौभाग्यवतींच्या धाकट्या भावाकडे, इंग्लंडमधील डर्बी येथे राहावयास गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात रात्रीच्या जेवणानंतर मी सहज बोलून गेलो की तरुणपणी मी दर रविवारी सिंहगड चढत असे. ‘तरुणपणी’ हा शब्द मी स्पष्टपणे उच्चारला होता याविषयी माझ्या मनात आजही शंका नाही. परंतु मेहुण्याच्या कानांनी त्यातला फक्त ‘सिंहगड’ तेवढा टिपला.

“मग दाजी, या रविवारी हाय पीक ट्रेल करू,” तो म्हणाला. “एक गाडी आडवी येणार नाही. जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेली वाट आहे, म्हणजे सपाटच.”

रेल्वे म्हणजे सपाट, हे मला तत्काळ पटले. पुण्याच्या माणसाने निदान कर्जत आठवावयास हवे होते. खंडाळ्याचा घाट चढण्यासाठी तिथे गाडीला मागून जादा इंजिने लावतात आणि तो चढ 37 फुटांमागे 1 फूट एवढाच आहे. परंतु त्या क्षणी माझ्यासमोर आमरसाची दुसरी वाटी होती.

मेहुण्याकडे दोन ग्रॅव्हल बाइक होत्या. ग्रॅव्हल म्हणजे खडी. शर्यतीच्या सायकलीचे वाकडे हँडल, त्याखाली 40 मिलिमीटरचे जाड टायर, आणि त्या टायरांत मुद्दामच कमी भरलेली हवा, असे या वाहनाचे स्वरूप असते. खडी टाकून ठेवलेल्या रस्त्यावरून सायकल चालविण्याचा अनुभव मला पुण्यात महानगरपालिकेच्या कृपेने वर्षानुवर्षे लाभलेला आहे, त्यामुळे त्यासाठी स्वतंत्र सायकल विकत घ्यावी लागते हे ऐकून मी थोडा खट्टू झालो. त्याहून खट्टू झालो ते सोबत मिळालेली गादी शिवलेली चड्डी पाहून. ती घालून मी दिवाणखान्यात आलो तेव्हा सौभाग्यवतींनी भावाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि डबा भरावयास त्या आत निघून गेल्या. त्यांना हसू आवरत नसले की त्या नेहमी डबा भरतात.

डर्बीहून लोकल गाडीने आम्ही क्रॉमफर्डला उतरलो. रिचर्ड आर्कराइटने 1771 मध्ये पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभारली ते हेच गाव. तिथून कालव्याच्या काठाने, बदकांना त्रास नको म्हणून सायकली हातात धरून, मैलभर चालत आम्ही हाय पीक जंक्शनला पोहोचलो. जुन्या रेल्वेची कार्यशाळा तिथे अजून उभी आहे. मी हेल्मेटचा पट्टा आवळला, मान वर केली आणि मग ती आणखी वर केली. सपाट म्हणून सांगितलेली वाट झाडांच्या बोगद्यातून सरळ आकाशात गेली होती.

या रेल्वेची कुळकथा मेहुण्याने मला इथे, म्हणजे परतीची गाडी निघून गेल्यानंतर ऐकविली. मुळात या डोंगरावरून कालवा न्यावयाचा होता. वर पाण्याची टंचाई असल्याने 1830 च्या सुमारास त्याऐवजी रेल्वे बांधली, पण आखणी कालव्याच्याच बुद्धीने केली. कालवा जसा बराच वेळ सपाट वाहतो आणि मग एकदम जलपाशातून, म्हणजे दारे लावून पाणी वर चढविणाऱ्या हौदातून, वर चढतो, तशी ही रेल्वे मैलोगणती सपाट जाते आणि मग एकदम उभी राहते. त्या उभ्या तुकड्यांना इन्क्लाइन म्हणतात. तिथे गाडीचे इंजिन स्वतः चढतच नसे. माथ्यावर बसविलेले वाफेचे यंत्र एकेक वाघीण, म्हणजे मालडबा, साखळदंडाने किंवा दोराने वर ओढून घेई. पहिला शीप पाश्चर इन्क्लाइन, दुसरा मिडलटन इन्क्लाइन, आणि या दुसऱ्याचा चढ सुमारे साडेआठ फुटांमागे एक फूट. ज्या ठिकाणी लोखंडी इंजिनाने हात टेकले होते, त्या ठिकाणी मी एक फोडणीची पोळी खाऊन आलो होतो.

पहिली पन्नास पावले, म्हणजे पायडले, मी सन्मानाने चढलो. त्यानंतर सर्वांत हलका गिअर टाकला. त्यानंतर त्याहून हलका शोधू लागलो. तो नसतो. पुढचे चाक खडीवरून अधूनमधून उचलले जाऊ लागले, मागचे चाक जागच्या जागी खडी मागे फेकू लागले आणि माझा श्वास असा वाजू लागला की पुढे चाललेल्या एका कुत्र्याने थांबून, वळून, काळजीने माझ्याकडे पाहिले. मी उतरलो. उतरताना मोठ्याने “वा, काय देखावा आहे!” असे म्हणालो. समोर नेचे आणि एक कचऱ्याची पेटी होती.

तेवढ्यात मागून मंद घूंऽऽ असा आवाज आला. सत्तरीच्या पुढच्या एक आजीबाई विजेच्या सायकलीवर ताठ बसून, जणू भाजी आणावयास निघाल्यासारख्या वर चालल्या होत्या. “ऑलराइट, डक?” त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता वळणाआड गेल्या. मी दुखावलो. डर्बीशायरमध्ये अनोळखी माणसालाही प्रेमाने ‘डक’, म्हणजे बदक, म्हणतात, हा खुलासा मेहुण्याने केला. तो खरा आहे. पण सायकल ढकलत चालणाऱ्या माणसाची चाल पाहता तो संपूर्ण खुलासा आहे असे मला वाटत नाही.

ब्लॅक रॉक्सचे काळे सुळके गेले, दुसरा इन्क्लाइन आला, तोही मी सायकलीला आधार देत, किंवा ती मला देत, पार केला आणि मिडलटन टॉपला पोहोचलो. 1829 साली बांधलेले ते वाफेचे यंत्रघर तिथे अजून दिमाखात उभे आहे. मी त्याच्या भिंतीला पाठ टेकून बसलो आणि मग ते दृश्य पाहिले. यंत्रघराशेजारी मोटारींचा तळ होता. एकेक मोटार येत होती, तिच्या पाठीवरून सायकली उतरत होत्या, मुले, आजोबा आणि सँडविच उतरत होती, आणि ती सर्व मंडळी हसतखेळत पुढच्या सपाट वाटेला लागत होती. वाहनमुक्त मार्गावर येण्यासाठी सगळे वाहनाने आले होते.

“तू मला खालून का आणलेस?” मी विचारले.

“तुम्ही सिंहगड म्हणालात ना, दाजी.”

पुढची वाट मात्र खरोखर सुंदर आहे हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. मध्ये हॉपटनचा चढ लागतो, 14 फुटांमागे 1 फूट, पण आता तो मला ओट्याएवढा वाटला. चुनखडीच्या दगडी भिंती, त्यांपलीकडे मेंढ्या, उंच बांधांवरून जाणारी पांढरी वाट. मोटारी खरोखरच नव्हत्या. मोटारी सोडून बाकी सर्व होते. पाच मीटर लांब दोरीच्या एका टोकाला कुत्रा आणि दुसऱ्या टोकाला मालक असे सापळे होते, जुळ्यांच्या बाबागाड्या होत्या, घोडे होते. इंग्लंडमध्ये घोडेवाटांवर सायकलीला प्रवेश मिळाला तो 1968 च्या कायद्याने, आणि तोही पादचाऱ्यांना व घोडेस्वारांना आधी वाट देण्याच्या अटीवर. या उतरंडीत आपली जागा कोणती हे प्रत्येक घोड्याला ठाऊक असते असे त्यांच्या मुद्रेवरून दिसले.

शिवाय फाटके. ही फाटके स्प्रिंगमुळे आपोआप बंद होतात. सायकलीवरून उतरा, एका हाताने अडसर उचला, पायाने फाटक रोखा, दुसऱ्या हाताने सायकल पुढे लोटा, की फाटक सुटते आणि पायडल पोटरीवर येते. सहाव्या फाटकाशी एका मेंढीने रवंथ थांबवून हा प्रयोग पूर्ण पाहिला.

मिनिंगलोच्या टेकडीजवळ पाऊस आला. या वाटेवर चुनखडीचा चुरा आहे. कोरडा असताना तो पिठीसाखरेसारखा असतो आणि भिजला की इडलीचे पीठ होतो. ते पीठ मागच्या चाकाने माझ्या पाठीवर, पुढच्या चाकाने तोंडावर आणि मेहुण्याच्या चाकाने राहिलेल्या भागावर समान वाटले. ‘पार्सली हे’ नावाच्या ठिकाणापर्यंत जाण्याचा बेत मी तिथेच रद्द केला.

परतीचा उतार सोपा जाईल अशी माझी समजूत होती. 1888 मध्ये शीप पाश्चरवरून सुटलेल्या वाघिणी खालच्या कालव्यावरून आणि त्यापलीकडच्या रेल्वेमार्गावरून उडून गेल्या होत्या, ही माहिती मेहुण्याने नेमकी त्या उताराच्या माथ्यावर दिली. त्यानंतर खाली एक खड्डा खणला गेला आणि त्यात अडकलेल्या एका वाघिणीचा सांगाडा आजही दिसतो. मी दोन्ही ब्रेक दाबून, चालणाऱ्यांच्या मागून, पूर्ण उतार उतरलो. सांगाडा पाहिला. आम्ही एकमेकांना ओळखले.

क्रॉमफर्डच्या फलाटावर पांढऱ्या पिठात घोळलेले आम्ही दोघे उभे असताना मेहुणा म्हणाला, “पुढच्या रविवारी बेकवेलहून मॉन्सल ट्रेल करू, दाजी. साडेआठ मैल, एकही इन्क्लाइन नाही. बोगदे 2011 मध्ये उघडले, आत दिवेसुद्धा आहेत.”

“बेकवेलला रेल्वे जाते?” मी विचारले.

“नाही, तीच काढून तर ट्रेल केली. आपण मॅटलॉकला उतरायचं.”

“आणि मॅटलॉक ते बेकवेल?”

मेहुणा खाली वाकला आणि साखळीतला चुना फार बारकाईने काढू लागला.