यलो फीव्हरचा तो फॉरवर्ड सहारला चालत नाही

जुलै ते ऑक्टोबर हा केनियातल्या मसाई मारा अभयारण्याचा सीझन. बुकिंगचे फोटो ग्रुपवर पडायला लागले की पाठोपाठ एक फॉरवर्डही येतो : "केनियाला जाताना यलो फीव्हरच्या लशीची भानगड नको. नैरोबीत कुणी विचारत नाही. कोविडनंतर सगळे नियम उठलेत. परतताना अडवलंच तर रक्ताचा निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा. लस दहाच वर्षं चालते, आणि हवीच असेल तर विमानतळावर आयत्या वेळी मिळते. मधे नुसतं विमान बदलणार असाल तर प्रश्नच नाही."

यातलं एक वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, आणि त्याच्याच जोरावर बाकीचा मजकूर खपतो.

"नैरोबीत कुणी विचारत नाही." हेच ते वाक्य. केनिया लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतो ते यलो फीव्हरचा (पीतज्वराचा) धोका असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे, आणि भारत त्यांत मोडत नाही. पण मुंबईकराला अडवणारा नियम केनियाचा नाहीच, आपला आहे. भारताच्या यादीत केनिया, युगांडा, इथिओपिया, ब्राझील, पेरू हे सगळे आहेत. तिथून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत वैध कार्डाशिवाय भारतात उतरलात, तर क्वारंटाइन, जास्तीत जास्त ६ दिवस. दिवस मोजायचे ते केनिया सोडल्यापासून. सफारी कधी संपली याला अर्थ नाही. सहारला, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर, आरोग्य खात्याचं काउंटर इमिग्रेशनच्या आधी लागतं, त्यामुळे घ्यायला आलेली मंडळी बाहेर ताटकळतात आणि आपण आतच.

एवढा कडकपणा कशासाठी? पावसाळ्यात मुंबईला डेंग्यूने हैराण करणारा एडिस इजिप्ती डासच यलो फीव्हरही पसरवतो. डास आपल्याकडे मुबलक, लस न घेतलेली माणसंही मुबलक. नाही तो फक्त विषाणू.

आणखी एक. मारासोबत टांझानियातलं सेरेंगेटी किंवा झांझिबारही पॅकेजमध्ये असेल, तर कार्डाचा प्रश्न परतायच्या आधीच येतो. टांझानिया केनियातून येणाऱ्यांकडे कार्ड मागतो, मग नामंगाच्या सीमेवरून रस्त्याने जा नाहीतर विमानाने.

"कोविडनंतर सगळे नियम उठलेत." कोविडचे उठले. परदेशातून येणाऱ्यांना भरावा लागणारा एअर सुविधाचा ऑनलाइन फॉर्म नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. १ जानेवारी २०२३ पासून चीन, जपान, थायलंड, सिंगापूर अशा काही ठिकाणांहून येणाऱ्यांना आरटीपीसीआर पुन्हा लागली आणि फेब्रुवारीत ती गेलीही. ते त्या-त्या वेळचे आदेश होते. यलो फीव्हरचा नियम त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि कोविडशी त्याचा संबंध नाही.

"निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा." ही कोविडने लावलेली सवय. यलो फीव्हरच्या बाबतीत टेस्ट नावाची पळवाट नाही. डास चावल्यावर लक्षणं दिसायला ३ ते ६ दिवस जातात. आज निगेटिव्ह आलेला माणूस परवा तापाने फणफणू शकतो. म्हणून ६ दिवस. अँटीबॉडीचा रिपोर्टही कार्डाच्या जागी चालत नाही.

"विमानतळावर आयत्या वेळी मिळते." गोंधळ नावामुळे होत असावा. सहारच्या विमानतळ आरोग्य कार्यालयाकडे लसीकरण होतं, तसंच बंदर आरोग्य कार्यालयाकडेही. पण अपॉइंटमेंट घेऊन. सरकारी केंद्रांवर साधारणपणे एका कुपीत अनेक डोस असतात. पावडरीत द्रावण मिसळलं की कुपी ६ तासांत संपवायची, उरलेली फेकून द्यायची. एकट्यासाठी कुपी फोडणं परवडत नाही, म्हणून वार ठरलेले आणि माणसं गोळा करून बोलावलेली. शिवाय कार्ड वैध होतं लशीनंतर १० दिवसांनी : ५ ऑगस्टला टोचून घेतली तर १५ ऑगस्टपासून. सीझनमध्ये तारीख लवकर मिळत नाही, तेव्हा महिनाभर आधी हालचाल करा. फॅमिली डॉक्टरकडची सुई किंवा एजंटने आणून दिलेलं पिवळं कार्ड उपयोगाचं नाही. केंद्र सरकारमान्यच हवं.

लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात वाढवलेली असते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती दबवणारी औषधं चालू असतील, बाळाला ९ महिने पूर्ण नसतील, गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. साठीच्या पुढे पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर त्रासाचा धोका थोडा जास्त असतो. आजी-आजोबांना नेताना हे लपवू नका. मुलांना एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) किंवा कांजिण्यांची लस द्यायची असेल तर त्याच दिवशी, नाहीतर २८ दिवसांचं अंतर ठेवून. वैद्यकीय कारणाने सूट मिळाली तर तसं पत्र इंग्रजीत घ्या, मात्र ते असूनही क्वारंटाइन करण्याचा अधिकार देशाला असतो.

"दहाच वर्षं चालते." ११ जुलै २०१६ पासून एकच डोस, ०.५ मिलिलिटर, जन्मभर पुरतो. जुन्या कार्डांनाही हेच लागू. इथे एक घोळ हमखास होतो : कार्डावर २०१९ ची अखेरची तारीख दिसते आणि कुणीतरी ती खोडून वर पेनाने 'आजीवन' लिहितं. खाडाखोड झाली की कार्ड अवैध ठरू शकतं. तारीख आहे तशी राहू द्या. केंद्रावरून निघण्यापूर्वी तिथेच उभं राहून बघा : पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख, लशीचा बॅच नंबर, डॉक्टरांची सही, शिक्का आणि तुमची स्वतःची सही. लहान मुलाच्या कार्डावर पालकाची. पासपोर्ट नवा झाला असेल तर जुनाही बरोबर न्या, कार्डावर नंबर त्याचाच असतो.

"नुसतं विमान बदलणार असाल तर प्रश्नच नाही." व्हिक्टोरिया फॉल्सला बरेच जण नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जातात. पूर्ण वेळ विमानतळाच्या आतच राहिलात आणि आरोग्य अधिकाऱ्याला ते पटलं, तर भारत सूट देतो. पुढचं विमान चुकलं किंवा मधला वेळ लांबला की कंपनी शहरातल्या हॉटेलचं कूपन हातात ठेवते, फुकट खोली म्हणून आपण इमिग्रेशनमधून बाहेर पडतो, पासपोर्टवर शिक्का बसतो आणि सूट तिथेच संपते. कार्ड नसेल तर आतल्याच लाउंजमध्ये सोय मागा, आणि दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास मुंबईत काउंटर ओलांडेपर्यंत फेकू नका.