बस सोडून सगळं सुधारा

अभिनंदन! मुंबईच्या उपनगरातली बससेवा सुधारायला जी नवी समिती नेमलीय त्यात तुमचं नाव आहे म्हणे. आता घाबरायचं काही कारण नाही, बसने शेवटचे कॉलेजात असताना गेला असाल तरी चालतंय, उलट तेच बरं, कारण रोज बसने जाणारा माणूस समितीत घेतला की तो पहिल्याच मीटिंगला "बस वाढवा ना" असं बोलून मोकळा होतो आणि मग बाकीच्या मीटिंगांमध्ये नुसता चहा प्यायचा का?

तर आधी मूळ गोष्ट समजून घ्या. कुर्ल्यात विचारा, साकीनाक्याला विचारा, मालवणीत विचारा, गोवंडीत विचारा, सगळीकडे मागणी एकच असते, दर दहा मिनिटांनी बस यावी आणि ती येणार याची खात्री असावी. बास. एवढं मिळालं तर बसचा रंग लाल आहे की निळा याचं कोणाला काही पडलेलं नसतं. आणि नेमकी हीच गोष्ट तुमच्या अहवालात कुठेही येता कामा नये. बाकी काय सुधारायचं ते सुधारा, मनापासून सुधारा, थांबा सुधारा, ॲप सुधारा, लोगो सुधारा, फक्त फ्रिक्वेन्सी या विषयाला हात लावू नका, कारण तो एकदा निघाला की मग हिशोब करावा लागतो.

हिशोब काय ते सांगून ठेवतो, उद्या कोणी शहाणा भेटला तर तयारी असलेली बरी. समजा एका मार्गाची जाऊन-येऊन फेरी दोन तासांची, म्हणजे १२० मिनिटं. दर १० मिनिटांनी बस सोडायची तर १२ बस लागतात, शाळेतलं गणित आहे. आता त्या रस्त्यावर मेट्रोचे पत्रे लागले, दोन्ही कडेला गाड्या लागल्या, त्यांच्या बाजूला "दोन मिनिटांत येतो" वाल्यांच्या गाड्या लागल्या, आणि फेरी गेली १६० मिनिटांवर. त्याच १२ बस आता १३ मिनिटांपेक्षा जास्त अंतराने येणार, आणि परत १० वर आणायचं तर १६ बस पाहिजेत. म्हणजे वरच्या चार बस, त्यांचे दोन पाळ्यांचे ड्रायव्हर-कंडक्टर, इंधन, मेंटेनन्स, हे सगळं कशासाठी, तर ट्रॅफिकमध्ये उभं राहण्यासाठी. आता हेच उलट करून बघा, बसला एक लेन मोकळी करून दिली आणि फेरी परत १२० वर आली तर एकही नवी बस न घेता चार बस हातात पडतात, ज्या शेजारच्या मार्गावर टाकता येतील. आलं ना लक्षात किती धोकादायक गणित आहे ते? कारण लेन मोकळी करायची म्हणजे कोणाकडून तरी काढून घ्यायची, आणि ज्याच्याकडून काढायची तो मीटिंगला गाडीने आलेला असतो, बहुतेक तुमच्याच शेजारी बसलेला असतो.

तरी कोणी लेनचा आग्रह धरलाच तर नाही म्हणायचं नाही. अभ्यास दौरा काढा. ब्राझीलचं क्युरिटिबा आहे, तिथे १९७४ पासून बसला स्वतंत्र मार्ग आहे, कोलंबियाचं बोगोटा आहे, तिथे २००० च्या डिसेंबरात ट्रान्समिलेनिओ ही स्वतंत्र लेनची बससेवा सुरू झाली, दोन्हीकडे फोटो चांगले येतात. परत आल्यावर "आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे" हे एक वाक्य लिहायचं, ते कुठल्याही दौऱ्याला चालतं. आणि अगदीच गळ्याशी आलं तर पुण्याकडे बोट दाखवा. देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेन, पुण्यात, २००६ साली, कात्रज-स्वारगेट-हडपसर, आणि नगर रोडवर २०१६ ला जी झोकात सुरू केली ती पुढे काही भागात उखडून पण झाली. "बघा, तिथे फेल गेली" असं म्हणायचं. त्या लेनमध्ये दुचाक्या, रिक्षा आणि साहेबांच्या गाड्या कोणी घुसू दिल्या, पादचाऱ्यांना रस्ता ओलांडून मधल्या थांब्यावर जायची नीट सोय कोणी ठेवली नाही, हे विचारणाऱ्याला पुढच्या मीटिंगचं निमंत्रण पाठवू नका.

पुढे येतं सुसूत्रीकरण. हा शब्द पाठ करा, याच्याशिवाय समितीला वजन येत नाही. करायचं काय, तर लांबचे मार्ग तोडायचे. जो माणूस एका बसने घरापासून ऑफिसच्या दारात जात होता त्याला आता घरून स्टेशनला एक बस, स्टेशनवरून दुसरी. कागदावर हे फार सुंदर दिसतं आणि खरं सांगायचं तर जगात बऱ्याच ठिकाणी चालतं सुद्धा, पण तिथे दुसरी बस पाच मिनिटांत येते आणि त्याच तिकिटावर चढता येतं. तुम्ही ती भानगड करू नका, दोन तिकिटं, दोन रांगा, आणि दोन्ही ठिकाणी "आत्ताच गेली". महिन्याभरात तो माणूस शेअर रिक्षात बसायला लागतो, बीकेसीच्या ऑफिसांना जाणाऱ्यांची कुर्ला स्टेशनबाहेर सकाळी जी गर्दी असते तिकडे जाऊन बघा. तिथल्या ३१० नंबरसारख्या बसला मरणाची गर्दी असताना तिच्या शेजारून एकेका रिक्षात कोंबून माणसं जातायत, म्हणजे प्रवासी आहेत, रस्ता आहे, पैसे द्यायची तयारी आहे, नाही ती फक्त पुढची बस.

आणि मग सर्व्हे. सर्व्हे बसच्या आत करायचा, थांब्यावर नाही. थांब्यावर केला तर अर्धा तास थांबून वैतागून गेलेले लोक पण मोजावे लागतील, बसच्या आत फक्त जे चढू शकले ते भेटतात, आणि ते बिचारे जागा मिळाली या आनंदात "समाधानी" वर टिक करतात. वेळ दुपारी तीनची ठेवा. बस रिकामी दिसली की लिहा, "प्रतिसाद अत्यल्प". प्रतिसाद अत्यल्प म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून लोक अजून कमी, असं दोन वर्षं केलं की मार्ग आपोआप मरतो, बंद केला असं कोणी म्हणूच शकत नाही. संध्याकाळी सात वाजता त्याच बसच्या फुटबोर्डवर लटकलेल्या माणसाला फॉर्म भरायला हात मोकळा नसतो, त्यामुळे त्याची चिंता नको.

भाड्याबद्दल मात्र सांभाळून. हे असं झालंय एकदा. जुलै २०१९ मध्ये बेस्टने, म्हणजे मुंबईच्या बस चालवणाऱ्या उपक्रमाने, कमीत कमी भाडं ८ रुपयांवरून ५ वर आणलं, एसीचं ६, आणि लोक खरंच आले की! रिक्षातून उतरून, चालायचं सोडून, धडाधड आले. अशी आफत आली की काय करायचं? घाबरायचं नाही, बस कमी करायच्या. त्याच वर्षी कामगार संघटनेबरोबर जो करार झाला त्यात स्वमालकीच्या ३,३३७ बस ठेवायचं ठरलं होतं, आज स्वतःच्या बस काही शेकड्यांवर आल्यात, बाकी भाड्याच्या, म्हणजे वेट लीजच्या. मग मे २०२५ मध्ये कमीत कमी भाडं १० रुपये, एसीचं १२. आता हे शहर कसं ते बघा, लोक १० द्यायला पण तयार आहेत, त्यांची तक्रार दहा रुपयांची कमी आणि चाळीस मिनिटांची जास्त.

वेट लीजचा फायदा असा की बस कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, तुम्ही द्यायचे किलोमीटरमागे पैसे, आणि काही बिघडलं की "आम्ही त्यांना नोटीस दिलीय". ऑगस्ट २०२३ मध्ये या ड्रायव्हरांनी पगारासाठी संप केला तेव्हा आठवडाभर लोकांनी थांब्यावर उभं राहून या मॉडेलचा अभ्यास केला. टेंडरमध्ये दर इतका खाली आणायचा की कंत्राटदार पगारात आणि मेंटेनन्समध्येच काटकसर करेल, आणि तरी नाही परवडलं तर एक दिवस बस डेपोत लावून निघून जाईल. ड्रायव्हरचा त्यात काय दोष, बारा मीटरची बस साकीनाक्यातून काढणं काय असतं ते एकदा केबिनच्या मागे उभं राहून बघा. (तुम्ही बघणार नाही, माहितीये.)

तोटा हा शब्द प्रत्येक पानावर एकदा तरी आला पाहिजे. पूर्वी बेस्टच्या वीज विभागाच्या पैशातून बसचा तोटा भरून निघायचा, ती सोय गेली, तेव्हापासून बस म्हणजे पांढरा हत्ती असं म्हणायची पद्धत आहे. यात एकच काळजी घ्यायची, बस आणि रस्ता एका तक्त्यात आणू नका. कोस्टल रोडला हजारो कोटी लागले, त्यावरून जायला टोल नाही, म्हणजे तिकीटच नाही, पण त्याला तोटा म्हणत नाहीत, त्याला पायाभूत सुविधा म्हणतात. गोवंडीहून पहाटे घरकामाला निघालेल्या बाईच्या तिकिटामागे जे चार पैसे घालावे लागतात तो तोटा. हा फरक तुम्हाला मनापासून पटला नाही तर समितीत तुमचं काही खरं नाही.

आता थांबे, इथे हात सैल सोडा. स्टीलचा चकचकीत थांबा, मागे जाहिरातीला भरपूर जागा, बसायला दोन पायपा, त्यावर म्हातारं माणूस बसलं तर घसरतं आणि उभं राहिलं तर टेकता येतं, म्हणजे व्यायाम. छप्पर इतकं उंच आणि अरुंद की पाऊस तिरका आला की सरळ आत, आणि मुंबईत पाऊस सरळ कधी पडतो? कुठल्या नंबरची बस येते, किती वाजता, शेवटची कितीला, हे मात्र लिहू नका, लिहिलं की लोक घड्याळ बघतात. ॲपमध्ये टाका सगळं. ॲपवर बस "७ मिनिटांत" दाखवायची, दहा मिनिटांनी परत बघितलं तर परत ७, आणि मग एकदम ती पुढच्या थांब्यावर. तुमच्या समोरून कोणतीच बस गेलेली नसते, पण ॲप म्हणतंय गेली म्हणजे गेली.

तीन बस एकदम येतात त्याबद्दल कोणी ओरडलं तर? त्याचं कारण साधं आहे, पुढची बस जरा लेट झाली की तिच्या वाट्याला प्रत्येक थांब्यावर जास्त लोक, जास्त लोक म्हणून चढायला जास्त वेळ, म्हणून ती अजून लेट, आणि मागची रिकामी पळत येऊन तिला चिकटते. स्टार्टरला, म्हणजे चौकीवर बस सोडणाऱ्या माणसाला, मधल्या चौकीवर मागच्या बसला दोन-तीन मिनिटं थांबवायचे अधिकार दिले, कंट्रोल रूममध्ये कोणी खरोखर स्क्रीनकडे बघत बसलं तर बरंच कमी होतं. बसला जीपीएस आहेच. पण त्याचा उपयोग असा करायचा नसतो, तो उद्घाटनाला मोठ्या स्क्रीनवर हिरवे ठिपके दाखवायला असतो. तुम्ही त्या तीन बसचा एकत्र फोटो काढा आणि अहवालाच्या कव्हरवर टाका, सेवा किती भरघोस आहे ते दिसतं.

मेट्रो आली की बसची गरज नाही असं म्हणणारे भेटतील, त्यांना पुढच्या रांगेत बसवा. २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अंधेरी-घाटकोपर ३४० नंबरच्या बसची गर्दी तिकडे गेली हे खरंय, पण मेट्रो स्टेशनवर उतरून जिन्याखाली आल्यावर पुढचे दोन किलोमीटर कसे जायचे, तर त्यासाठी फीडर बस असते. फीडर नक्की सुरू करा, झेंडा दाखवा, हार घाला, फक्त ती मेट्रोच्या जिन्यापासून बरीच लांब उभी करा आणि मेट्रोची शेवटची गाडी जायच्या तासभर आधी बंद करा.

आणि हद्द विसरू नका! दहिसरच्या पलीकडे मीरा-भाईंदर, मुलुंडच्या पलीकडे ठाणे, वाशीला नवी मुंबई, तिकडे कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, प्रत्येकाची परिवहन सेवा वेगळी, भाडं वेगळं, पास वेगळा. माणूस रोज दोन-तीन महापालिका ओलांडून कामाला जातो हे आपल्याला काय ठाऊक नाही का, म्हणूनच तर एक संयुक्त उपसमिती नेमायची, तिच्या अध्यक्षपदावरून वाद होईपर्यंत दोन वर्षं निघतात.

शेवटी हरकती आणि सूचना. जनसुनावणी घ्यावीच लागते, ती कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवा, मसुदा दोनशे पानांचा, इंग्रजीत, सुनावणीच्या आदल्या रात्री टाका. तरी कोणी ना कोणी येतंच, एक आजोबा येतात जुन्या टाइमटेबलाच्या झेरॉक्स घेऊन, एक बाई येते जिला फक्त एवढंच विचारायचं असतं की रात्री साडेदहाची बस होती ती का बंद केली, ड्युटी दहाला सुटते. त्यांना पाणी द्या, नाव लिहून घ्या, "नोंद घेतली" म्हणा. आणि हो, सुनावणीला येताना ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा, हॉलच्या बाहेर पार्किंगची बोंब असते, गाडी सरळ बसस्टॉपवर लावायची, तिथे दिवसभर कोणी हलवायला सांगत नाही.